चार लाखांत जुनी गाडी : बोर्डावरची किंमत आणि खरा खर्च

सातारी_कंदी

मंडळी, जाणकारांनी जरा हात द्या. बजेट चार लाख. रनिंग महिन्याला साधारण ८०० किमी, बहुतेक सातारा शहरात, आणि महिन्यातून एक-दोनदा खंबाटकीमार्गे पुणे. बसणारे चौघं, त्यातल्या एकांचे गुडघे दुखतात. नजरेत असलेल्या गाड्या :

१) वॅगनआर व्हीएक्सआय पेट्रोल, २०१६, ५२ हजार किमी, फर्स्ट ओनर, ३.६०
२) स्विफ्ट डिझेल, २०१५, ९८ हजार, सेकंड ओनर, ३.७५
३) आय-टेन १.१, २०१३, ४१ हजार, फर्स्ट ओनर, २.४०
४) सिटी पेट्रोल, २०१४, दिल्ली पासिंग, ३.२५

मन चौथीकडे धावतंय हे कबूल. खर्चाच्या अंगाने कोणती परवडेल?

तेलकट_चिंधी

बजेट चार असेल तर साडेतीनच्या वरची गाडी बघायलाच जाऊ नका. आठ-दहा वर्षांची गाडी विकणारा माणूस शेवटच्या वर्षात तिच्यावर काहीच घालत नाही. टायर, बॅटरी, ब्रेक, सगळं "पुढचा बघेल" म्हणून सोडलेलं असतं. तो पुढचा म्हणजे तुम्ही.

वॅगनआर धरून घेतल्या घेतल्या लागणारा खर्च मांडतो. शहरागणिक आणि ब्रँडगणिक थोडा इकडेतिकडे :

चार टायर ४,२०० प्रमाणे १६,८००. बॅटरी ४,५००. इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल मिळून ७,५००. पुढचे ब्रेक पॅड आणि मागचे लायनर ३,०००. फुल इन्शुरन्स १०,०००. ट्रान्सफर एजंटासकट ४,०००.

बेरीज ४५,८००. म्हणजे ३.६० ची गाडी खरं तर चार लाख पाच-सहा हजारांची आहे. यात सस्पेन्शन धरलेलंच नाही. दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि पुढचे शॉकअप निघाले तर आणखी दहा-बारा हजार ठेवा. यातलं जे जे मालकाने नुकतंच केलंय आणि बिल दाखवतोय, ते वजा करा. बिल नसेल तर केलं नाही असंच समजायचं.

हिशेबनीस

डिझेलचा मोह आधी कागदावर मोडून बघा. वर्षाला ९,६०० किमी.

पेट्रोल १७ चा ॲव्हरेज आणि १०४ रुपये लिटर धरला तर ५६५ लिटर, साधारण ५८,७०० रुपये. डिझेल २१ चा ॲव्हरेज आणि ९१ चा दर, ४५७ लिटर, ४१,६०० रुपये. वाचले सतरा हजार.

आता ९८ हजार झालेल्या कॉमन रेल डिझेलमध्ये एक इंजेक्टर नवा घ्यायचा तर बारा-पंधरा हजार. चार असतात. टर्बो दुरुस्तीला पंधरा ते पंचवीस. म्हणजे एखादंच मोठं काम निघालं की वर्षभराची बचत पाण्यात. महिन्याला दीड-दोन हजार किमीच्या खाली रनिंग असेल तर जुनी डिझेल घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. शिवाय मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं तेव्हा डिझेल बंदच केलं, त्यामुळे पुढे विकताना गिऱ्हाईक कमीच होत जाणार.

आणि एक बारीक गोष्ट. थर्ड पार्टी इन्शुरन्सचा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) प्रीमियम सीसीवर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दराने १००० सीसीपर्यंत २,०९४, त्यापुढे १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्याच्यावर ७,८९७, अधिक १८ टक्के जीएसटी. तुमची वॅगनआर ९९८ सीसीची, म्हणजे पहिल्या खणात. सिटी १४९७, दुसऱ्या खणात जेमतेम बसते.

घाटातला_कावळा

@हिशेबनीस, थोडं एकांगी होतंय. ते १.३ डिझेल इंजिन नीट ऑइल बदललेलं असेल तर दोन लाख सहज जातं, घाटात चढायला मजा येते ती वेगळीच. टायमिंगला (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला) चेन आहे, बेल्ट नाही.

हिशेबनीस

"नीट ऑइल बदललेलं असेल तर" हीच तर मेख आहे. ऑइल उशिरा बदललं किंवा लेव्हल खाली गेली की तीच चेन ताणली जाते आणि सकाळी सुरू करताना पुढून खर्रर्र आवाज येतो. सेकंड ओनरकडे पहिल्याच्या काळातली बिलं असतात का? चढण चांगली चढते हे मान्यच.

दहाबारा_पाना

मॉडेलवर भांडण्याआधी गाडी कशी बघायची ते लिहितो. दिवसाउजेडी, कोरडी गाडी, आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर काहीतरी लपवायचं असू शकतं. थंड इंजिन खोटं बोलत नाही.

बोनेट उघडलं की इंजिनकडे नंतर बघा, आधी बोल्ट बघा. बोनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट कंपनीतून आलेले असतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर गाडीच्याच रंगाचा अखंड थर असतो. पाना लागला की कडा खरवडतात आणि आतला चंदेरी लोखंड दिसतो. एका बाजूचे चार बोल्ट शाबूत आणि दुसऱ्या बाजूचे खरवडलेले असतील तर त्या बाजूला मार बसलाय. मग खाली ॲप्रनवरचं (बोनेटखालच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या पत्र्यावरचं) सीलंट बघायचं. कंपनीचं सीलंट यंत्राने ओढल्यासारखं एकसारखं असतं, गॅरेजवाल्याचं बोटाने फासलेलं. फेंडर, बंपर, दरवाजा बदलला तर काही बिघडत नाही, भारतात गाडी चालली म्हणजे घासणारच. पण ॲप्रन, चासीचे पुढचे दांडे आणि पिलर यांना वेल्डिंग असेल तर किंमत विचारायच्या भानगडीत न पडता चहा पिऊन यावं.

रंगाची जाडी मोजायचा मीटर मिळाला तर उत्तम. मूळ रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. तीनशेच्या वर गेलं की खाली लांबी (पुट्टी) भरलेली. मीटर नसेल तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, लांबीवर धरत नाही. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे चुंबक न धरल्याने घाबरू नका :)

आता चावी फक्त ऑन करा, स्टार्ट नको. डॅशवरचे चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग, ऑइल, बॅटरी हे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि ठरावीक वेळेने किंवा स्टार्ट केल्यावर विझले पाहिजेत. न लागणारा दिवा हा न विझणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट. एअरबॅग फुटून गेली असेल आणि नवी बसवायचे पैसे वाचवले असतील तर तो दिवाच काढून टाकतात किंवा दुसऱ्या दिव्याला जोडून देतात. (एअरबॅग त्या व्हेरिएंटला होती का ते आधी बघून जा.)

स्टार्ट केल्यावर सायलेन्सरजवळ एकाला उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला वाफ म्हणून येतो, इंजिन तापल्यावरही येतच राहिला तर कूलंट आत जातंय, हेड गॅस्केटची शंका. काळा म्हणजे इंधन जास्त. मग ऑइल भरायचं झाकण उघडा, आतून झाकणाला दह्यासारखा फेस असेल तर पाणी मिसळतंय. डिझेलला तिथून भसाभसा वाफ निघत असेल तर रिंगा गेल्या.

कूलंटची टाकी गाडी थंड असतानाच बघायची. हिरवं, निळं, लाल काहीही चालेल, तपकिरी नको. आपल्याकडे कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओततात, क्षारांनी रेडिएटर चोंदतो आणि तो भुर्दंड घाटात ट्रॅफिकमध्ये भरावा लागतो.

चालवताना चौथ्या गिअरात ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडी पुढे रेटली नाही तर क्लच घसरतोय. छोट्या पेट्रोलला क्लच सेट मजुरीसकट सहा ते नऊ हजार. ड्युअल मास फ्लायव्हीलवाल्या डिझेलला तेच काम पंचवीस-तीसच्या पुढे जातं. नंतर रिकाम्या रस्त्यावर ६० ला हात हलका सोडा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. खराब रस्त्यावर काचा वर करून, टेप बंद करून चालवा : टक-टक लिंक रॉड, धप्प असा आवाज शॉकअप किंवा माउंट, वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ म्हणजे व्हील बेअरिंग. शेवटी एसी फुल करून दहा मिनिटं उभी ठेवा आणि तापमानाचा काटा बघा.

रानमेवा

दहाबारा_पाना, हा प्रतिसाद प्रिंट काढून डिकीत ठेवण्यासारखा. +१

मीटर_मागे

आय-टेनबद्दल. दोन स्वतंत्र मुद्दे.

१.१ च्या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, १.२ च्या 'कप्पा' इंजिनला चेन. बेल्ट किलोमीटरने जुना होतो तसा वयानेही होतो. रबरच ते. एवढ्या वर्षांत ४१ हजार म्हटल्यावर कुणी बदललाच नसणार, कारण "अजून किलोमीटर झाले नाहीत". बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात आणि अख्खं हेड उतरवावं लागतं. म्हणून घेतल्याबरोबर बेल्ट, टेन्शनर, आयडलर हा सेट बदलायचाच, आणि तिथवर उघडलंच आहे तर वॉटर पंपही. मजुरी एकदाच लागते.

दुसरं, ते ४१ हजार खरे कशावरून? मीटर मागे फिरवणं आता लॅपटॉपवर होतं. कागदावर पकडता येतं : चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला हिस्टरी विचारा, तिथे प्रत्येक व्हिजिटचं किलोमीटर असतं. २०१८ ला ५५ हजार आणि आज ४१, असं सापडतं. हाताने पकडायचं तर क्लच पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, गिअर नॉबवरचे आकडे. चाळीस हजारांत पेडल गुळगुळीत होत नाही. पेडलचं रबर कोरं करकरीत आणि बाकी सगळं जुनं असेल तरी संशय घ्यावा.

सातारी_कंदी

ते ओबीडी का काय लावून मोबाईलवर बघतात, त्यात खरे किलोमीटर दिसतात का?

मीटर_मागे

थेट नाही, निदान स्वस्तातल्या ब्लूटूथ ॲडॅप्टरवर नाही. पण दुसरी कामाची गोष्ट दिसते. स्टिअरिंगखाली पोर्ट असतो, तिथे लावून ॲपमध्ये "कोड पुसल्यापासूनचं अंतर" बघा. बऱ्याच गाड्या ते देतात. तो आकडा १२ किमी आला तर याचा अर्थ काल कुणीतरी एरर पुसून गाडी तुमच्यासमोर उभी केलीय. त्याच ॲपमध्ये रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारे) असतात. कोड पुसले की कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर वगैरे "अपूर्ण" दाखवतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. बॅटरी काढली तरी असंच होतं, म्हणून मालकाला विचारा. बॅटरी नुकतीच बदलली असेल तर बिल असेलच.

पाटी_बदलू

दिल्लीच्या सिटीवर थंड पाणी ओततो, माफ करा.

तिकडे दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर घातलेल्या निर्बंधांमुळे भाव पडले, म्हणून ती स्वस्त दिसते. पण ३.२५ वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार वेगळा भरावा लागेल. मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला, फॉर्म २८), तिथली चलनं शून्य, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, मग इथे नवा नंबर. बारा महिन्यांच्या वर परराज्याच्या नंबरावर गाडी ठेवता येत नाही. गोवा पासिंगलाही हेच. एजंट "सगळं करून देतो" म्हणतो. त्याला म्हणावं, आधी कर, मग उरलेले पैसे.

एमएच पासिंगचीही यादी देतो :

फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून ओनर क्रमांक, बोजा, इन्शुरन्स, पीयूसी बघा. आरसीवर बँकेचं नाव असेल आणि मालक म्हणाला "कर्ज केव्हाच फिटलंय", तर एचपी (आरसीवरची बँकेच्या बोजाची नोंद) उतरवल्याशिवाय टोकनच्या वर पैसे देऊ नका. चलनं राज्याच्या ई-चलन साइटवर. एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी नसेल (एप्रिल २०१९ आधीच्या गाड्या) तर ट्रान्सफर अडतं, कारला ७४५ अधिक जीएसटी, ती मालकालाच बसवून द्यायला सांगा.

इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा. थर्ड पार्टी आपोआप लागू राहते, पण तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर नाव बदललेलं नसल्यास क्लेम नाकारला जातो. मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. त्याचे ५० टक्के असतील तर फरक तुम्हाला भरावा लागेल. "इन्शुरन्स अजून आठ महिने आहे" याची किंमत त्यामुळे सांगतात त्यापेक्षा कमी असते.

हे विकणाऱ्यांसाठीही : २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार आरसीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. त्यामुळे डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका.

वाशिष्ठी_काठ

पुरातली गाडी हा विषय राहिला. कोल्हापूर-सांगली २०१९, चिपळूण २०२१. टोटल लॉस झालेल्या (विमा कंपनीने दुरुस्तीपलीकडे ठरवलेल्या) गाड्या लिलावात जातात आणि धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विक्रीला येतात. साताऱ्यात दोन्हीकडच्या येऊ शकतात.

ओळखायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटचा हातभर पट्टा रोज गुंडाळलेलाच असतो, तो कुणी धूत नाही, तिथे गढूळ पाण्याची रेघ दिसते. पुढची सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघा, गंज घरात बसून चढत नाही. स्टेपनी काढून खड्ड्यात हात फिरवा, बोटाला बारीक गाळ लागतो. आणि डॅशखालचे कनेक्टर : हिरवट पूड दिसली की विषय संपला. अशा गाडीचं इंजिन ठीक करता येतं, वायरिंगचं दुखणं मात्र दर पावसाळ्यात उगवतं. गाडीत सुगंधी स्प्रेचा भपकारा असेल तर काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटं बसा.

किनाऱ्यावरच्या गाड्यांना पूर नसला तरी खारी हवा असते, त्या रॅम्पवर घेऊन खालून बघाव्यात.

घाटातला_कावळा

वॅगनआरच घ्यायची तर सीएनजीवाली का नको? त्याच हिशेबाने २४ चा ॲव्हरेज, ९० रुपये किलो, वर्षाला ३६ हजार. पेट्रोलपेक्षा बावीस हजार वाचतात, इंजेक्टर-टर्बोची भीती नाही.

हिशेबनीस

हे मात्र पटलं. अटी दोन. कंपनी फिटेड असावी. बाहेरून बसवलेली असेल तर किटची नोंद आरसीवर आणि इन्शुरन्सवर दोन्हीकडे हवी, नाहीतर क्लेमला अडचण. आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, प्लेटवरची तारीख बघा. डिकी जवळजवळ जाते, चौघं सामानासकट पुण्याला निघाले की मांडीवर बॅगा. जुन्या सीएनजीत प्लग आणि एअर फिल्टरमध्ये कंजुषी केली की मिसफायर सुरू होतो, खर्च किरकोळ पण सतत.

सातारी_कंदी

एका डीलरकडे ऑटोमॅटिक (एएमटी) सेलेरिओ आहे, "सर्टिफाइड, सहा महिने वॉरंटी". गुडघ्यांसाठी बरी पडेल का?

दहाबारा_पाना

चालवणाऱ्याच्या गुडघ्यांना बरी. बसणाऱ्यांसाठी वॅगनआरच, सीट उंच आहे, खाली बसावं लागत नाही, आत सरकायचं असतं.

एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, पाय तुमच्याऐवजी ॲक्च्युएटरचा. क्लच झिजतोच, आणि चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असलेल्याच्या हातात लवकर झिजतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जोरात धक्का, किंवा चढावर थरथर, ही क्लच संपल्याची खूण. क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून पुन्हा सेटिंग शिकवावं लागतं, ते करणारा गावात आहे का बघा. एएमटीचा खर्च झेपतो. जुन्या ड्राय क्लच डीसीटीच्या (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकच्या) वाटेला मात्र चार लाखांच्या बजेटमध्ये जाऊ नये, त्यातलं कंट्रोल युनिट गेलं तर बिल लाखाच्या घरात.

वॉरंटीचा कागद मागून वाचा. बहुतेकदा इंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले भाग, एवढंच असतं. क्लच, सस्पेन्शन, एसी, इलेक्ट्रिकल बाहेर. डीलर कागदपत्रं सुरळीत करून देतो हा फायदा खरा. पण त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो शेवटी किमतीतच येतो. थेट मालकाकडून घेऊन आपला फिटर सोबत नेला, त्याला हजार रुपये दिले, तरी स्वस्त पडतं. फक्त तो फिटर मालकाच्या ओळखीचा नसावा.

सातारी_कंदी

वॅगनआरच्या मालकांनी फोटो पाठवलेत. चारही टायरवर शेवटचे आकडे २३१६, स्टेपनीवरही तेच. नक्षी अजून दिसतेय. सर्व्हिस हिस्टरी मिळाली, शेवटची नोंद गेल्या वर्षी ४६,८०० ची. आणि बाकी सगळ्या काचांवरच्या शिक्क्यात ६ आहे, डाव्या पुढच्या दाराच्या काचेवर ९. रविवारी सकाळी सातला जायचं ठरलंय, गाडी सुरू करू नका म्हणून सांगितलंय.

मीटर_मागे

२३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीसकट पाचही सारखे, हिस्टरी ४६,८०० ची, तर ५२ हजार खरे वाटतात. पण नक्षी असली तरी त्या टायरचं वय संपलंय, बाजूच्या भिंतीवर नखाने दाबून भेगा बघा आणि त्या मालकाला दाखवा. तेलकट_चिंधींच्या यादीतले १६,८०० तिथेच कापायचे.

दहाबारा_पाना

एकच काच वेगळ्या सालची, म्हणजे २०१९ किंवा त्यानंतर ती फुटली. चोरीने फुटली की धडकेने, एवढंच शोधायचं. डावं पुढचं दार उघडा आणि काठाचं रबर बोटाने ओढून बाजूला करा, सहज निघतं आणि दाबलं की बसतं. खाली पिलरच्या कडेला कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे दिसतील, सारख्या अंतरावर, बटणाएवढे. उजव्या दाराचं रबरही ओढून दोन्ही शेजारी मोजून बघा. डावीकडे खळगे बुजलेले किंवा रंगाखाली खरबरीत लागले तर परत या. दोन्हीकडे सारखे असतील तर काच कुणाच्या तरी क्रिकेटने फुटली असेल, ३.२५ पासून बोलायला सुरुवात करा.